झडपेचा डॉक्टर आणि पुरवणी विमा

…आणि वर मलाच म्हणतो, "काका, तुम्हाला सरकारी आहे ना, मग काय काळजी?" अरे बाबा, काळजी नसती तर तुझ्यासमोर त्या डुगडुगत्या खुर्चीत दीड तास कशाला बसलो असतो? तुम्हाला सांगतो, चौतीस वर्षं मी वजनमापं तपासली. दुकानदाराच्या काट्यात पाच ग्रॅमची खोट असली तरी मला दारातून कळायचं. आणि हा टाय बांधलेला विमा एजंट माझ्या डोळ्यांदेखत पारड्यावर अंगठा ठेवून बसलेला, आणि मला तो अंगठा काही सापडत नाही.

प्रकरण साधं आहे. म्हणजे सगळे म्हणतात, साधं आहे. निवृत्त झालं की नवराबायकोला सरकारी विमा मिळतो, तो दवाखान्याच्या बिलाचा मोठा वाटा उचलतो, उरलेला आपल्या बोकांडी. त्या उरलेल्यासाठी वरून घ्यायचा तो पुरवणी विमा… शाळेत उत्तरपत्रिका भरली की दोऱ्याने बांधायचो ना पुरवणी, तसा. आणि तो घ्यायचा सहा महिन्यांच्या आत. तोवर कंपनी तब्येतीचं काही विचारत नाही. एक दिवस उशीर झाला की सगळं विचारते, आणि ऐकून घेऊन नाही म्हणते. आमच्या हिच्या हृदयाची एक झडप नीट मिटत नाही. आता कळली माझी घाई?

अकरा माहितीपत्रकं जमली घरात. सगळी वाचली, एक कळेल तर शपथ. शेवटी स्वयंपाकघरातला काटा काढला आणि त्यांचं वजन केलं… हसू नका, हात सवयीने तिकडेच जातो. सव्वातीन किलो. ही म्हणाली, "अहो, निवडताय की रद्दीत घालताय?" त्यात एक स्वस्त योजना होती, दात फुकट, चष्मा फुकट, व्यायामशाळासुद्धा फुकट. चौथ्या मजल्यावर राहतो मी, लिफ्ट कायम बंद, मला आणखी व्यायामशाळा कशाला? पण ती चालते फक्त त्यांच्या यादीतल्या डॉक्टरांकडे, आणि त्या यादीत आमचा झडपेचा डॉक्टर नव्हता. नऊ वर्षं तोच बघतोय हिला. दुसऱ्या कुणी मनगट धरलं तरी हिचं ब्लडप्रेशर चढतं. हिने एकच अट घातली, "बाकी काय ते तुम्ही ठरवा, डॉक्टर बदलायचा नाही."

साडूला विचारलं. म्हणे, "मी तर तीन मिनिटांत घेतला." कुठला घेतला? "तो निळा." निळा! विमा घेतला की पडदे घेतले? आणि हा निळा माणूस मला समजावतो, "भाऊजी, तुम्हाला सरकारी आहे ना, मग काय काळजी?"

मग दुसऱ्या एका कंपनीला फोन लावला. चाळीस मिनिटं बासरी ऐकवली. मग एक गोड आवाज, "सर, तुमचे डॉक्टर आज आमच्या यादीत आहेत." आणि उद्या? "सर, उद्याचं उद्या कळेल." अहो बाई, हिची झडप उद्याही तीच असणार आहे. "सर, आणखी काही मदत करू का?" आणखी? आधीची कुठली केलीत?

शेवटी मुदतीला दोन दिवस उरले तेव्हा सगळ्यात महागडी योजना घेतली. यादीच नाही, कुठलाही डॉक्टर चालतो. सतरा सह्या केल्या, स्कूटर विकायला काढली, आणि काल हिला घेऊन ताठ मानेने तपासणीला गेलो. म्हटलं, "डॉक्टर, आता तुम्ही आमचे कायमचे." डॉक्टरांनी हिचं मनगट सोडलं, चष्मा काढून पुसला आणि म्हणाले, "काका, खरं तर आज सांगणारच होतो. पुढच्या महिन्यापासून दवाखाना बंद करतोय. वय झालं आता."

मी हिच्याकडे बघितलं. ही मनगट पदराखाली घेऊन बसली.

डॉक्टर खुर्ची पुढे ओढून हळूच विचारतात, "ते पुरवणी विम्याचं मला काही कळेना हो. अकरा पत्रकं आलीत. तुम्ही कुठला घेतलात?"

सहा महिने ज्या वाक्याने माझं डोकं उठवलं, तेच नेमकं माझ्या तोंडातून बाहेर पडलं. म्हटलं, "डॉक्टर, तुम्हाला सरकारी आहे ना… मग काय काळजी?"

तेव्हा कुठे ही बोलली. "असं काय करता हो. उद्या आपला काटा नेऊन द्या त्यांना."