फोटोला चांगला कॅमेरा

ताई : परत लाव. चौथ्या मिनिटापासून.

धाकटा : तिसऱ्यांदा ऐकतेयस, ताई. ऐकून ऐकून आवाज सुधारणार आहे का?

ताई : लाव म्हणते ना! …हे बघ. आईने मान हलवली की ‘घर्र’. जरा थांबतंय, की पुन्हा ‘घर्र’. हे आहे तरी काय?

धाकटा : लेन्सची मोटार. आई हलली की कॅमेरा आपणहून फोकस शोधायला लागतो. माइक त्याच्या अंगातच बसवलाय, मग मोटार आधी ऐकू येणार आणि आई नंतर.

ताई : आणि हे तुला आज कळलं? तुझं पोट चालतं ना यावर?

धाकटा : स्टुडिओत मी फोटो काढतो, ताई. फोटोला कुठे आवाज असतो? व्हिडिओची सोय होती, म्हणून म्हटलं आईचं यावरच घेऊ. आणि चित्र बघ ना कसलं आलंय! खिडकीतून एवढासा उजेड, तरी कपाळावरची बारीकशी आठीसुद्धा दिसतेय. मागची भिंत कशी मऊ झालीये. फोनला हे बापजन्मात जमणार नाही.

ताई : आठी घेऊन काय करू मी? उद्या सकाळी तिचं स्वरयंत्र काढणारेत. त्यानंतर तिचा आवाज कायमचा जाणार, आणि तू मला भिंत दाखवतोयस!

धाकटा : हळू बोल. आत झोपलीये ती.

ताई : आणि शेवट कुठाय? बाबांचं सांगायला लागली, तिथेच कापलंय.

धाकटा : अर्धा तास झाला की आपोआप बंद होतो तो.

ताई : वा! नाव सोनूबाई, हाती कथलाचा वाळा. मी म्हटलं होतं ना, फोनवर घेऊ? तर नाक मुरडलंस. “आईचं आणि फोनवर?”

धाकटा : बाहेरून माइक लावता येतो त्याला.

ताई : मग लावला का नाहीस?

धाकटा : घेतलाच नव्हता. आज रविवार, दुकानं बंद.

ताई : आणि ती मोटार? तिला बंद करता येत नाही?

धाकटा : येतं. एक बटण सरकवायचं, मग लेन्सवरची कडी हाताने फिरवायची.

ताई : मग? वीस वर्षं तेच करतोयस ना तू? …बोल की!

धाकटा : दिसत नव्हतं मला.

ताई : म्हणजे?

धाकटा : आधी हातानेच करत होतो. मग ती म्हणाली, “आता शेवटचं नीट बोलून घेते.” माझे डोळेच भरले गं. सगळं पाण्यात दिसायला लागलं. म्हणून कॅमेऱ्यावर सोपवलं. घर्र ऐकलं होतं मी, पण वाटलं, आईपुढे काय ऐकू येणार आहे ते?

ताई : वेडा रे वेडा. मला हाक मारायचीस.

धाकटा : तू स्वयंपाकघरात नळ सोडून रडत होतीस. तेही आलंय रेकॉर्डिंगमध्ये.

ताई : …बाबांचं काय म्हणाली शेवटी?

धाकटा : म्हणाली, ते गेले तेव्हा मी तुमच्यासमोर रडले नाही, त्याचा राग धरू नका. मला तुम्हाला शाळेत पाठवायचं होतं.

(आई दारात येऊन उभी राहते.)

आई : कोण गेलंय रे इथे, अशी तोंडं पाडून बसायला? मी आहे अजून.

ताई : आई, पड ना जरा. घसा दुखतोय तुझा.

आई : पाचला अॅडमिट व्हायचंय. पडायला तिथे खाट मिळेलच. काय बिघडलं?

धाकटा : माझं चुकलं, आई. आवाज नीट आला नाही.

आई : अर्धा तास घसा खरवडला मी! आता पुन्हा तेवढं नाही हं जमायचं.

धाकटा : तेवढं नको. दोनच मिनिटं. मोटार बंद केलीये. ताई, तुझा फोनही ठेव तिच्याजवळ. कॅमेरा स्टँडवर राहू दे, त्याच्यामागे मी नाही उभा राहणार. पण आई, पुढे वाकलीस तर पुसट दिसशील.

आई : दिसायला मी आहेच की घरात. …पण बोलू काय? सांगायचं ते सगळं सांगून झालं.

ताई : सकाळी उठवायचीस ना आम्हाला, तसं उठव.

आई : समोर बसलेल्या दोन घोड्यांना उठवू?

धाकटा : उठव ना. मला भीती वाटतेय आई, तो आवाज मी विसरेन.

आई : बरं. सुरू आहे का? …उठा रे, सात वाजले! एकाने आंघोळीला पळा, एकीने दुधाचं भांडं घ्या. डोळे मिटून ऐकताय ते कळतंय मला. उठताय की पाणी ओतू?

ताई : उठले गं आई, उठले…

आई : मध्ये बोलू नकोस, बाळ. उद्यापासून तुम्हीच बोलायचंय.