चावी खिशात होती

आमी मूळचे युसूफ वडगावचेच. तात्यांचा जन्म हितला, माझा बी हितलाच. आठ दिस झाले आसतील त्या गोष्टीला, पर अजून डोळा मिटला की कानात खर्रर्र वाजतं आन मी अंथरुणात उठून बसतो. आमची मंडळी, सुमन, म्हणती, बसा, तुमच्यानं दुसरं व्हतंय तरी काय.

धंदा माझा मांडवाचा. लग्नाला मांडव, बारशाला मांडव, दहाव्याला बी मांडवच. त्या धंद्यात माणूस दोरी बांधाय शिकतो, इंजन न्हाई, एवढं ध्यानात ठिवा.

गाडी तात्यांची, म्हंजी माझ्या वडलांची. लांब नाकाचा जुना ट्रक, इंजन त्या नाकाच्या पत्र्याखाली. तात्या आधी दुसऱ्याच्या गाडीवर क्लीनर व्हते, मंग डायवर झाले, मंग सोताची गाडी घेतली. क्लीनर आसतानाच त्यायचं बोट गेलं. उजव्या हाताचं मधलं, वरून अर्धं. पंख्याचा पट्टा ढिला झालाय का बघाय नाकाखाली हात घातलता, आन डायवरला वाटलं पोरगं चहा प्याय गेलंय, त्यानं केली की गाडी चालू. तवापासून तात्यांचा एकच कायदा. गाडीत हात घालायचा आसंल तर आधी चावी काढायची आन सोताच्या खिशात टाकायची, दुसऱ्याच्या न्हाई बरं का, सोताच्या. चावी खिशात म्हंजी पंखा मेला. आमाला पाढे यायच्या आधी हे येत व्हतं.

पुढं जन्मभर इंजनाशेजारी बसून तात्यांचे कान गेले. आन काय सांगू तुमाला, त्याच्यापायी आमच्या घरालाच एक खोड लागली. तात्यांना काही सांगायचं म्हंजी लई वरडावं लागतं, म्हणून आखूड करून सांगायचं. पुतणीचं लग्न जुळलं, मोडलं, रुसवेफुगवे झाले, पुन्यांदा जुळलं, ही एवढी मोठी कथा, आन तात्यांच्या कानात फकस्त, लग्न सोमवारी! तात्या मान हलवायचे. आमाला वाटायचं, झालं सांगून.

तर तो ट्रक कैक वर्षं लिंबाखाली उभा व्हता. केबिनीत कोंबड्या अंडी घालायच्या. मला औंदा लहर आली का हिला पुन्यांदा रस्त्यावर आणायची, तात्या हायेत तवर. सुमन म्हणली, मंग कोंबड्यांनी कुठं जावं? मी ऐकलं न्हाई. पत्रा ठोकला, लाकडी फाळके नवे बसवले, नाकाला लाल रंग दिला. इंजन बी बोललं. पर जुन्या पंख्याचं पातं चिरलेलं निघालं, आन तसला पंखा कुठं मिळंना. तवा केजचा वायरमन शकूरभाई म्हणला, मामा, लाईट के पंखे डालेंगे. भंगारातल्या मोटारीचे दोन पंखे आणले आन बसवले रेडिएटरच्या मागं. पाणी तापलं की आपोआप चालू, निवलं की आपोआप बंद. जाताना बोलला, चाबी निकाले तो बी घूमता, मामा, घबराना नै. मला त्याचं एवढं कवतिक वाटलं! निम्म्या गावाला सांगत सुटलो, चावी काढली तरी फिरतोय म्हणून. आन तात्यांना काय सांगितलं आसंल? पंखा लाईटवर केला! तात्यांनी मान हलवली.

तात्या म्हणले, धारूरचा घाट चढली तर गाडी म्हणीन, न्हाईतर खुराडं. त्या घाटात त्यांची गाडी हमेशा उकळायची, ओलं पोतं टाकून बसायचे. मंग काय, मी चालवाय बसलो, तात्या शेजारी. धारूरहून घाट उतरलो, खाली चहा पिलो, आन वळून चढाय लागलो. पंखे घूं घूं करायलेत, पाणी तापल्याचा काटा जागचा हलंना, आन गाडी गेली की वर! मी छाती फुगवून उभी केली कडंला. आता तात्या शाब्बास म्हणतील म्हणून त्यांच्या तोंडाकडं बघायलोय.

तात्यांनी हात पुढं केला. चावी. मी दिली. त्यांनी खिशात टाकली, वरून थापटली. खाली उतरून नाकाचा पत्रा उचलला, पाईप गरम आसतो म्हणून हाताला दस्ती, म्हंजी रुमाल, गुंडाळली, पंखे तेवढ्यापुरते थांबलेले दिसले, आन घातला हात आत. आन मी काय करायलो व्हतो? मोबाईलवर त्यांचा फोटू काढायलो व्हतो. पंख्यावर जाळी बी नव्हती, ती मी रंगवून घरी वाळत ठिवलती.

खर्रर्र!

तात्या मागं फेकल्यावानी झाले. दस्ती गेली आत. मी मोबाईल टाकला, पळालो, त्यांचा हात धरला आन बोटं मोजली. आन काय सांगू, मधलं अर्धंच! मी रस्त्यात मटकन बसलो आन गळा काढला, तात्या वो, तुमचं बोट गेलं वो! तिथं शेरडं राखणारा एक बाबा व्हता, त्यो बी पळत आला.

तात्या म्हणले, आरं येड्या, ते कवाच गेलंय.

आन मंग ते बी खाली बसले. एक पंखा दस्तीनं आवळला, दुसरा आपला फिरतोच हाय. तात्यांनी खिशातून चावी काढली, तळहातावर ठिवली. एकदा चावीकडं बघत्यात, एकदा पंख्याकडं. मी त्यांना आसं तोंड केलेलं कधी बघितलं न्हाई, माझी माय गेली तवा बी न्हाई. म्हणले, कावून फिरला रे ह्यो? चावी तर माझ्यापाशी हाय.

मंग मला सांगावं लागलं. घाटात उभं राहून, वरडून वरडून, सगळं. शेरडं सुदिक ऐकायली. तात्यांनी पुरं ऐकलं, आन म्हणले, आखूड नको सांगत जाऊ मला. एक बोट आखूड हाय तेवढं बास.

घरी येताच त्यांनी चावी खुंटीला अडकवली. मला वाटलं, संपलं, आता ते गाडीला पाय लावणार न्हाईत. पर दुसऱ्या दिवशी त्यांनीच शकूरभाईला बोलावलं, आन पंख्याला निराळं बटन लावून घेतलं, सोताच्या हातानं मारायचं. जाळी बी बसली.

आता सकाळी तात्या गाडीपुढं जातेत. बटन बंद करतेत, चावी खिशात टाकतेत, आन तरी हात मागं बांधून उभे राहतेत, त्यो फिरतोय का बघत. आन मी शेजारी उभा राहून रोजचं सगळं पुरं सांगतो. कुनाचा मांडव, कुनाचा रुसवा, सुमन मला काय काय बोलली ते बी. गल्लीला फुकट ऐकाय मिळतं. सुमननं तोंडाला पदर लावलाय. लावू द्या. माझा गळा बसला तर बसू द्या, त्यांची साडेनऊ बोटं तेवढी आशीच राहू द्या.