राहिलेला पाय

रत्नाबाई : पाणी पी, चा ठेवलाय, आणि मग सांग. लूडिक्रस म्हंजे काय?

सई : आत्ती, गारगोटीवरनं एसटीत हेलपाटत आले ती एका शब्दासाठी? फोनवर विचारायचं की.

रत्नाबाई : फोनवर तुझ्या मामांनी ऐकलं असतं. तू साळंत इंग्रजी शिकवतीस, दुसरं हाय कोण मला? आदितीला कसं विचारू? तिच्याच नवऱ्यानं म्हटलंय.

सई : सम्राटरावांनी? कधी?

रत्नाबाई : परवा धोंड्याचं जेवाण घातलं न्हवं का त्यास्नी! अधिक महिन्यात जावई म्हंजे नारायण. पाटावर बसवलं, पाय परातीत घेतलं. एक पाय धुऊन झाला आणि नारायणानं फोन काढला. मैतरांस्नी दाखवाय लागला. परात, पाय, माझं वाकलेलं डोस्कं. म्हणतोय, धिस इज लूडिक्रस. पलीकडनं सगळी खदाखदा हसली.

सई : मग तू?

रत्नाबाई : परात उचलली आणि गेलो आत. दुसरा पाय तसाच कोरडा राहिला. ताटाला हात न लावता गेला की गडहिंग्लजला, आईबापाकडं. आदिती खाली मान घालून त्याच्या मागनं. आईसाठी एक शब्द निघाला न्हाय तोंडातनं.

सई : आणि मामा?

रत्नाबाई : ते म्हणत्यात, जावयानं कौतुक केलं, तुला अडाणीला कळलं न्हाय. उद्या महिना सरतोय, त्येच्या आत गडहिंग्लजला जायाचं, माफी मागायची आणि राहिलेला पाय धुवायचा. आता तू सांग. खरंच कौतुक असंल तर मी जातो.

सई : कौतुक नाही, आत्ती. लूडिक्रस म्हणजे हास्यास्पद. एखादी गोष्ट इतकी बिनडोक की तिच्यावर चिडायचीसुद्धा गरज वाटत नाही. नुसतं हसायचं.

रत्नाबाई : हसायचं कसं? इनोदाला हसतोय तसं?

सई : तसं नव्हे. वरनं खाली बघत. तुच्छतेनं.

रत्नाबाई : माणसाला म्हणायचं का वस्तूला?

सई : कशालाही. टोपीला, भाषणाला, एखाद्याच्या मागणीला.

रत्नाबाई : थांब, मी सांगतो, तू बरोबर का चूक म्हण. कोपऱ्यावर केरबानं कुत्र्याच्या वाढदिवसाचा फलक लावलाय. कुत्र्याला फेटा, गळ्यात हार, आणि खाली लिवलंय, 'भावी नगरसेवक'.

सई : बरोबर! एकदम बरोबर.

रत्नाबाई : माझ्या जावंचं गुडघं गेल्यात, आणि तिला रोज माळ्यावर चढवत्यात.

सई : चूक. ते नुसतं वाईट आहे. त्यात हसण्यासारखं काही नाही.

रत्नाबाई : बरं. लग्न ठरवताना सम्राटची आई म्हणाली, आमाला काय बी नगो, फकस्त गाडी काळ्या रंगाची द्या.

सई : हे तर पुस्तकात छापण्यासारखं आहे.

रत्नाबाई : मग आलं मला.

सई : आत्ती, रागावू नकोस, पण तो तुला नसेल म्हणाला, प्रथेला म्हणाला असेल. आईच्या वयाच्या बाईनं वाकून धडधाकट पोराचे पाय धुवायचे, हे मलाही तसंच वाटतं.

रत्नाबाई : आणि मला काय लई गोड वाटत हुतं? वाकताना कंबर बोंब मारत हुती. पण मग आदुगर म्हणायचं की, नगा धू, आणि उठायचं पाटावरनं. ह्यो गडी पाय परातीतच ठिवून हसला. सेवा बी पायजे आणि वर हसाय बी पायजे. ह्येला काय म्हणायचं?

सई : हेच म्हणायचं. इतकं चोख उदाहरण मला वर्गातसुद्धा सुचलं नसतं.

आप्पासो : रत्ना! अगं गाडी आली की दारात! परात ठिवलीया मागच्या शिटवर. आरं, सई? कवा आलीस?

रत्नाबाई : मी न्हाय येणार. ते कौतुक न्हवतं.

आप्पासो : झालं, मास्तरनीनं कान भरलं! आणि नसंना का कौतुक. जावई माणूस, हसला तर हसला. माझी हिकडं पाव्हण्यांत अब्रू चाललीया. व्याही बाळासो चारचौघांत म्हणालं, जावयाचा एकच पाय धुऊन धाडणारी माणसं आमाला घावली.

रत्नाबाई : मग तुमी जावा आणि धुवा. तुमच्या हाताला काय मेंदी लागलीया?

आप्पासो : मी? बापयमाणूस जावयाचं पाय धुणार? डोस्कं ठिकाणावर हाय न्हवं तुझं? लोक हसतील की!

सई : आणि मामा, आत्तीला हसले ते?

आप्पासो : तू गप बस. तुला नवऱ्याकडची माणसं सांभाळायची न्हाईत. उद्या तिथं पोरीला जड जाईल, त्येचं काय?

सई : मग पोरगी काय म्हणते? तिचा फोन आला असेलच.

आप्पासो : तिला काय कळतंय.

रत्नाबाई : म्हंजे आलता? कवा?

आप्पासो : सकाळी. असंच, आपलं, काय बी बोलत हुती.

रत्नाबाई : काय बोलत हुती?

आप्पासो : म्हणाली, आईला आणू नका. आईनं त्यो दुसरा पाय धुतला, तर मी ह्या घरात ऱ्हाणार न्हाय आणि तुमच्या बी दारात यायची न्हाय. पोरगी रागानं तापली हुती. सासरी असं बोलून चालतंय व्हय? म्हणून तर गडबड करायलोय, आजच मिटवून टाकू.

रत्नाबाई : आणि हे झाकून मला गाडीत घालून निघालासा?

आप्पासो : सांगितलं असतं, तर आली असतीस व्हय?

(रत्नाबाई गॅस बंद करतात. बाहेर ड्रायव्हर हॉर्न वाजवतो, थांबतो, पुन्हा वाजवतो.)

सई : आत्ती, बस जरा.

रत्नाबाई : न्हाय गं, बरी हाय मी. ह्या झाकाझाकीला त्यो शब्द चालत न्हाय, एवढं मला कळतंय. ह्येला हसू येत न्हाय.

आप्पासो : अगं पण गाडी उभी हाय! व्याह्यांना सांगू काय मी?

रत्नाबाई : सांगा, जावई काय बोललं, ते तिला कळलं.