नाव तेवढं टाकून द्या

...आणि वरून म्हणतात काय, तर ‘सुकदेवभाऊ, नाव तेवढं टाकून द्या.’ नाव तेवढं! म्हणजे हंडा मोबाइलवरून मागवायचा, परात मोबाइलवरून मागवायची, डबे, ताटं, वाट्या, सगळा संसार खोक्यात भरून घरी आणायचा, आणि मग आठवण कोणाची, तर माझी. का, तर मोबाइलला नाव टाकता येत नाही. बरं, भांड्याचा पत्रा तरी कसा? तुम्हाला सांगतो, परवा एका डब्यावर ‘सप्रेम भेट’ लिहिलं तर ते आतूनही वाचता यायला लागलं. उलटं. गिऱ्हाईक खूश, म्हणे, भाऊ, दोन्हीकडून टाकलं का? हो, म्हटलं, दोन्हीकडून.

धरणगावात आमचं भांड्यांचं दुकान नानांपासून. नाना म्हणजे माझे वडील. पंचक्रोशीतलं एकही आंदण असं नव्हतं की त्यातला निदान एक हंडा आमच्या दुकानातून गेला नाही. लग्नसराईत दुकानाच्या पायरीवर बायका मावायच्या नाहीत. एक भांडं वाजवून बघतेय, दुसरी तिच्याच हातातलं ओढतेय, तिसरी म्हणतेय, ‘भाऊ, गेल्या वर्षी माझ्या जावेला दिलं तसलं दाखव, पण तिच्यापेक्षा भारी.’ आणि आता? आता वैशाखात दुपारी मी एकटा बसतो, वर पत्रे, बाहेर ऊन असं की कुत्रंसुद्धा रस्ता ओलांडत नाही, आणि तापलं ना की ती भांडी बोलायला लागतात. खरंच सांगतो. स्टील तापलं की फुगतं, म्हणतात. एकदम कुठल्या तरी फळीवरून ‘टण्ण’... मग जरा गप्प... मग मागच्या अंधारातून बारीक ‘टिंग’. पहिल्यांदा मला वाटायचं, गिऱ्हाईक आलं, भांडं वाजवून बघतंय. मी न बघताच म्हणायचो, या, बसा. घर मागेच आहे, तिथून आमची कोकिळा विचारायची, ‘कोण आलंय हो?’ मी म्हणायचो, कोणी नाही. मग ती म्हणायची, ‘मग या-बसा कोणाला?’ आता काय सांगू तिला? आता विचारायचंही सोडलं तिने. मी ‘या, बसा’ म्हटलं की ती आतून नुसती खोकते.

पायरीवर माणसं येतात, नाही असं नाही. पार्सलवाला आमच्या कोपऱ्यावर थांबतो ना, त्याची वाट बघत माझ्या पायरीवर बसतात. सावली माझी, माठातलं पाणी माझं, आणि मलाच विचारतात, ‘भाऊ, आमचं आलं का हो?’ मी सांगतो, यायचंय अजून. काय करू, शेजारधर्म आहे. आणि पार्सल उघडून झालं की तेच. नाव तेवढं टाकून द्या.

पण माझी तक्रार वेगळीच आहे. धंदा गेला, जाऊ दे. गावाची खबर गेली हो! पूर्वी कोणाचं लग्न ठरलं, कोणाला मूल झालं, कोण गेलं, सगळं आधी मला कळायचं. कोण गेलं हे तर हमखास. कारण दहाव्या-तेराव्याला द्यायची भांडी न्यायला माणूस आमच्याकडेच यायचा. न बोलता यायचा, पायरीवर बसायचा, मी पाणी द्यायचो, आणि मग तो हळूच विचारायचा, तांब्या दाखव. तांब्या म्हटलं की मला कळायचं. आता तेराव्याचा तांब्यासुद्धा पार्सलनं येतो. त्यामुळे आता कोण आहे आणि कोण नाही, मला काही पत्ताच नाही. मी आपला सगळ्यांना जिवंत धरून चालतो.

आणि त्यातूनच हे झालं.

सुंदरबाई म्हणून आमची एक जुनी गिऱ्हाईक. मी तिला आक्का म्हणतो. नानांच्या वेळेपासूनची. तिच्या लग्नाच्या भांड्यांवर नानांनी नाव टाकलं, तिच्या मुलांच्या लग्नातल्या भांड्यांवर मी. लिहिता-वाचता येत नाही, पण स्वतःचं नाव बरोबर ओळखते, कारण ते तिने रोज घासलंय. तिची खरेदी म्हणजे काय विचारता? सकाळी यायची, प्रत्येक भांडं उलटं धरून बोटाच्या पेरानं ठोकायची, कानाशी न्यायची, मान हलवायची आणि बाजूला ठेवायची. मी वैतागायचो. म्हणायचो, आक्का, लग्न तुझ्या पोराचं आहे, या तांब्याचं नाही. तर म्हणायची, ‘भाऊ, नाव ठसठशीत टाक. मी मरी जासू, तांब्या राही.’ दिवाळीत तिने सांगून ठेवलं होतं की आखाजी, आपली अक्षय्य तृतीया, झाली की हेमांगीचं, म्हणजे तिच्या नातीचं, लग्न आहे, आंदण तुझ्याकडूनच. मी हंडे मागवले. पितळी पातेली मागवली, जी आता कोणी घेत नाही, पण आक्का घेणार म्हणून मागवली. आणि दिवाळीनंतर आक्का जी गेली, ती दिसलीच नाही. ना बाजारात, ना रस्त्यावर.

मग गेल्या महिन्यात दुपारी दुकानासमोर छोटा टेम्पो थांबला. त्यातून उतरला भूपेंद्र. आक्काचा थोरला, हेमांगीचा बाप. मी उठलोच, हंडे पुढे काढायला लागलो, तर मागे टेम्पोतून खोकी उतरायला लागली. एकावर एक. सगळी तीच, तपकिरी. मी हातातला हंडा हळूच परत फळीवर ठेवला. भूपेंद्र कानाला मोबाइल लावून, पत्रिका वाटायच्या, मंडपवाल्याला सांगायचं, आचाऱ्याला सांगायचं, घाईघाईत मला म्हणतो, ‘भाऊ, नाव तेवढं टाकून द्या. सगळ्यांवर हेमांगीचं. आणि हा तांब्या आहे ना, याच्यावर तिच्या आजीचं. स्मरणार्थ. कै. लावायला विसरू नका.’ आणि परत मोबाइलवर.

स्मरणार्थ? कै.? आक्का गेली? कधी गेली? आणि मला कोणी सांगितलं नाही? मी त्याच्याकडे बघितलं. डोक्याला घट्ट रुमाल बांधलेला. म्हटलं, झालं, केस काढलेत पोरानं. आईला ‘तिची आजी’ म्हणतोय, म्हटलं, असेल बाबा, एवढ्यात आई म्हणवत नसेल तोंडानं. मी काय विचारणार? कुठल्या तोंडानं विचारू? ज्या बाईचा सगळा संसार माझ्या हातचा, तिच्या तेराव्याला मी नाही. मी नुसतं म्हटलं, फार वाईट झालं. तो म्हणाला, ‘हो ना भाऊ, बसून होती, बोलता बोलता गेली,’ आणि संध्याकाळी नेतो सांगून टेम्पोत बसला.

मग मी नाव कोरायचं मशीन काढलं. तुम्हाला सांगतो, बाकी सगळी खोकी तशीच ठेवली आणि पहिला तो तांब्या घेतला. तिच्या सवयीनं पेरानं वाजवून बघितला. काही खास बोलला नाही. घर्रर्र... ‘कै.’ टाकलं. मग ‘सुंदरबाई यांच्या स्मरणार्थ’. ठसठशीत. नाव टाकता टाकता डोळ्यांतून पाणी येत होतं आणि वर भांडी चालूच, टण्ण... टिंग... मी म्हटलं, वाजा बाबांनो, आज वाजाच.

आणि मागून आवाज आला, ‘सुकदेव भाऊ.’

मी वळलो नाही. म्हटलं, तापली भांडी. पुन्हा, ‘सुकदेव भाऊ, बहिरा व्हयना का?’ आता भांडं ‘टण्ण’ म्हणतं, एवढं बोलत नाही. मी वळलो. दारात उन्हाचा पडदा आणि त्यात पांढरं लुगडं. आक्का! पायऱ्या चढतेय. मला ना ओरडता येईना, ना उठता येईना. आजूबाजूला चिटपाखरू नाही. आधी मी काय बघितलं असेल? पाय. लहानपणी ऐकलेलं, भुताचे पाय उलटे असतात. पाय सरळ होते, चपला मळलेल्या होत्या. पण तेवढ्यानं धीर येतो का? मी हात जोडले आणि म्हटलं, आक्का, काय राहिलंय तुझं? सांग, मी करतो.

ती बसली, पदरानं तोंड पुसलं आणि म्हणाली, ‘पानी दे.’

घ्या! गेलेलं माणूस पहिलं काय मागतं? पाणी. मी माठाकडे गेलो, पाणी आणलं आणि तोंड भिंतीकडे वळवून पेला मागे धरला. तिने घेतला. घटाघट प्याली. आणि मग म्हणाली, पाणी कोमट आहे, माठ बदल. तेव्हा माझ्या लक्षात आलं की ही जिवंत आहे. मेलेल्या माणसानं इतकी खोड काढली नसती.

मग कळलं सगळं. आक्का दिवाळीनंतर धाकट्या पोराकडे सुरतेला गेली होती, गुडघ्यांसाठी. लग्नासाठी सकाळच्या गाडीनं आली. गेली ती हेमांगीची दुसरी आजी, मुक्ताईनगरची कुंदाबाई, भूपेंद्रची सासू. आणि डोक्याचा रुमाल? उन्हाचा हो, उन्हाचा! आक्का घरून भांडत आली होती. आंदण सुकदेवकडून घ्या म्हणून तिने भूपेंद्रला बजावलं होतं, आणि तो म्हणे, ‘मा, सगळं घरी येतं, उन्हात कोण फिरेल?’ म्हणून ती स्वतः उन्हात फिरत माझ्याकडे आली होती. मला वाईट वाटू नये म्हणून.

मी तांब्या मागे सरकवत होतो. पण तिची नजर काय नजर! ओढून घेतलाच. नावावरून बोट फिरवलं. ओळखलं. आणि बोट आधीच्या अक्षरावर थांबलं. ‘मना नावना आधी हाई काय शे?’

आता काय सांगणार? मी म्हटलं, तो... कंपनीचा मार्का आहे. तिने माझ्याकडे बघितलं. म्हणाली, ‘आमना यास्ना नावना आधी बी हाईच शे.’ आमचे हे, म्हणजे झुलालआबा, तिचे मालक. त्यांच्या स्मरणार्थ घागर दिली होती देवळात, त्यावर मीच टाकलं होतं. कै. रोज बघत असेल ती देवळात.

मी माफी मागितली. म्हटलं, आक्का, कुंदाबाईच्या नावाचा तांब्या माझ्या दुकानातला देतो, चांगला जाड, आणि हा मोडीत टाकतो, कोणाला कळायचं नाही. फळीवरून तांब्या काढला, तिच्या पुढ्यात ठेवला. तिने तो ठोकून बघितला, कानाशी नेला, मान हलवली. पण हातातला काही सोडेना. पदराआड घेतला.

‘ऱ्हाऊ दे हाऊ,’ म्हणाली. ‘मी मरसू तवय तुनं दुकान ऱ्हाई का?’

रागानं नाही हो. कुत्सितपणानं तर नाहीच. हवापाण्याचं विचारावं तसं विचारलं. मी दुकानाकडे बघितलं. तिच्यासाठी मागवलेली पितळी पातेली ओळीनं बसलेली, कोणी काही बोलेना. एरवी दुपारभर टण्ण टण्ण करतात, त्या क्षणाला एकही वाजलं नाही. शेवटी मीच म्हटलं, आक्का, तू जरा घाई केलीस तर जमेल.

ती हसली. अशी हसली की दात नाहीत तेही दिसले. मीही हसलो. मग ती गुडघ्यावर हात ठेवून उठली, तांब्या पदरात सावरला, एक पायरी उतरली आणि वळून म्हणाली, ‘बरं, देखसू.’

देखसू. म्हणजे बघते. आता तुम्हाला सांगतो, या गादीवर बसून केस पांढरे झाले माझे. ‘बघते’ म्हणून पायरी उतरलेलं गिऱ्हाईक मला नुसत्या पाठीवरून ओळखू येतं. ते काही परत येत नाही.