चंद्र्याचं नाक

…अन् इम्याचा साहेब म्हनतो काय, तर नाक जुळत नाय! आता पत्रिका जुळत नाय हे आपन ऐकलंय, पन बैलाचं नाक? तुम्हाला सांगतो मंडळी, ह्या मल्हारीची हयात गेली जनावरात, असलं कधी ऐकलं नव्हतं. लंडनला बैल कळतो व्हय?

व्हय व्हय, लंडनच! ऐका तर. चंद्र्या आमचा, पाचोडच्या बाजारातून आनलेला, लई गुनाचा. अवकाळीत लिंबाखाली बांधलेला, वीज पडली, गेला जागीच. बानाबाई, म्हंजी आमची घरधनीन, घासाला शिवंना. पेरनी तोंडावर, जोडीचा तांबड्या एकला हंबरतोय, अन् एका बैलावर पेरनी होती का कुठं? पन म्हनलं, इमा हाय ना, दुसरा बैल येईल. डाक्टरचा दाखला घेतला, कानातला बिल्ला खिशात घातला, एष्टी धरली अन् गेलो शहरात इम्याच्या हापिसात.

तिथला साहेब गार हवेत बसून म्हनतो, "काका, कायदा बदललाय. आता बाहेरच्या कंपनीला इथली पूर्ण मालकी घेता येते. आपली कंपनी लंडनवाल्यांनी घेतली. ते बिल्ला मानत नाहीत. माणसाचा अंगठा, तसं बैलाचं नाक; त्यावरच्या रेघा मशीन जुळवून बघतं." आरं, पन चंद्र्याचा इमा तू उतरवला, लंडन कामून मधी? तर म्हनं, "आमच्या विम्याचाही विमा असतो, काका, तोही लंडनलाच." म्हनलं, मंग त्यायचा? "त्यांचाही कुठंतरी असतो." घ्या! म्हंजी आमच्या गावात बैल मेला का सगळ्या दुनियेला सुतक… अन् लंडनला बैल कळतो व्हय?

मशिनीत दोन फोटू घातले. एक मेल्यावरचा, एक इमा उतरवतानाचा. आता तो इम्याचा फोटू काढला कवा? पोळ्याला! आम्हीच एजंटाला बोलावलं. बैल धुतलेला, शिंगं रंगवलेली, बाशिंग बांधलेलं… फोटू तवा काढायचा का शेनात लोळल्यावर? बानाबाईनं नुकती पुरनपोळी चारलेली, समदं पुरन नाकाला. एजंट म्हनला, "मावशी, नाक पुसा." ही कडाडली, "सनाच्या दिवशी देवाच्या तोंडचा निवद पुसू व्हय रं?" बराबर बोलली का नाय? एजंटानं बी दोन पोळ्या हानल्या अन् काढला तसाच फोटू!

अन् आता लंडनच्या मशिनीनं पुरनाच्या रेघा मोजल्या! साहेब म्हनतो, "काका, मेलेला बैल वेगळा. विमा उतरवलेला बैल अजून जिवंत आहे." आरं, मी माझ्या हातानं मीठ टाकून पुरला त्याला! माझ्या हातानं! डोळे भरले हो माझे तिथंच, राग बी असा आला… पन भांडायचं कुनाशी? साहेब बिचारा कसंनुसं हसून म्हनतो, "माझ्या हातात काही नाही, काका, सगळं लंडन." लंडनला बैल कळतो व्हय, म्हनून टेबलावर हात आपटला, तर शिपाई आला अन् पानी देऊन बाहेर बसवलं.

घरी आलो. बानाबाई दारातच. "काय म्हनले?" म्हनलं, लंडनच्या हिशेबानं आपला चंद्र्या जिवंत हाय.

तिनं पदरानं डोळे पुसले, एकल्या तांबड्याकडं बघितलं, अन् म्हनली, "मंग त्यायला म्हनावं, पेरनीपुरता तरी धाडा."