बाकावर बसवलेल्या बाईचं मनोगत

आजच्या समारंभाच्या अध्यक्षा आणि आपल्या रुग्णालयाच्या संचालिका डॉ. मालुंगा मॅडम, व्यासपीठावर विराजमान आदरणीय मुखिया, आजचे सत्कारमूर्ती आणि मेंदूच्या रक्तवाहिन्यांचे तज्ज्ञ डॉ. माटेवेरे, सिस्टर ट्रायनेस आणि सर्व परिचारिका, समोर बसलेले रुग्ण व त्यांचे नातेवाईक, आणि तिसऱ्या रांगेत इस्त्रीचा कोट घालून बसलेले माझे थोरले बंधू लास्टन, आपणा सर्वांना माझा नमस्कार.

मी एलिनाती नखुम्वा. चेहरा ओळखीचा नसला तरी आवाज ओळखला असेल. बावीस वर्षं मी रेडिओवर निधनवार्ता वाचल्या. कोण गेलं, कुठल्या गावचं, मागे कोण आहे, दफन किती वाजता. झोम्ब्यात माझा आवाज लागला की बायका हातातली भांडी खाली ठेवायच्या. बावीस वर्षांत मी एक नाव चुकवलं नाही की लपवलं नाही. हे मुद्दाम सांगते आहे, कशासाठी ते पुढे कळेलच.

सिस्टर ट्रायनेस मला म्हणाल्या, "बाई, नवे रुग्ण फार घाबरतात हो. डॉक्टरांकडे गेल्यावर काय काय होतं ते तुमच्या गोड आवाजात सांगा, त्यांना धीर येईल." त्यांच्या शब्दाचा मान ठेवते.

तर मंडळी, घाबरू नका. आधी दोन्ही हातांचं ब्लडप्रेशर बघतात. मग प्रश्न. डोकं हळूहळू दुखायला लागतं की एकदम घण घातल्यासारखं? विडी ओढता का? घरात कुणी उभ्याउभ्या कोसळून गेलं का? माझी मावशी तशीच गेली होती विहिरीवर, तिची वार्ता मीच वाचली होती. मग डॉक्टर म्हणतात, दात दाखवा. डोळे मिटून हात पुढे धरा. माझ्या बोटाला बोट लावा, आता नाकाला. या रेषेवरून चाला. मुखिया हसताहेत! साहेब, तुम्हीही चालला आहात त्या रेषेवरून, मी बाहेरून बघत होते.

पुढे मोठ्या यंत्रातला फोटो. त्यासाठी शिरेतून औषध सोडतात, तेव्हा अंगभर ऊब पसरते आणि कमरेला गुंडाळलेलं चितेंजे ओलं झालं की काय असं वाटतं. ते ओलं झालेलं नसतं, बायांनो. लाजून उठू नका, फोटो हलतो.

आणि मग डॉक्टर पडदा तुमच्याकडे वळवतात. ही तुमची रक्तवाहिनी, हा तिच्यावरचा फुगवटा, एवढा मोठा. फुटण्याचा धोका इतका. लक्ष ठेवता येईल, ब्लडप्रेशर आवरता येईल, नाहीतर शस्त्रक्रिया करून चिमटा लावता येईल. तुमचं काय म्हणणं आहे? अर्धा तास समजावतात, घाई करत नाहीत. एकच प्रश्न चारदा विचारला तरी चारदा उत्तर देतात. मी इथल्या कितीतरी जणांना विचारलं, सगळ्यांनी हेच सांगितलं.

मला विचारावं लागलं, कारण माझ्या वेळी पडदा वळला नाही.

माझा फोटो बघून हेच डॉक्टर मला म्हणाले, "अमाई, तुमचे अंखोस्वे आले आहेत ना? त्यांना जरा आत पाठवा. तुम्ही बाहेर बसा निवांत." अंखोस्वे माझा दादा. आमच्या आईमागे माझा पालक तोच. माझं लग्न त्याने ठरवलं, माझ्या नवऱ्याच्या दफनात माझा हात त्याने धरला. मी विश्वासाने बाहेर बसले. बाकाशेजारी एक बाई गरम मंदासी तळत होती, मी दोन खाल्ल्या. दाराच्या एका बाजूला मी गोड खात होते, आणि दुसऱ्या बाजूला माझ्या मेंदूतल्या पाच मिलिमीटरच्या फुगवट्याचं काय करायचं हे दोन पुरुष ठरवत होते.

दादा बाहेर आला. म्हणाला, "काही नाही गं. ब्लडप्रेशर. गोळ्या घ्यायच्या." आणि माझी आरोग्यपुस्तिका त्याने आपल्या कोटाच्या खिशात घातली.

त्यानंतरचे चौदा महिने, मंडळी, माझ्या आयुष्यातले सर्वांत मानाचे महिने होते. सून पाण्याची बादली उचलू देईना. मुलगा उलट बोलेना. आणि बाओचा पट! तीस वर्षं रोज संध्याकाळी मी दादाबरोबर बाओ खेळते, तीस वर्षं त्याने माझ्या बिया लुटल्या. तो हरायला लागला! आठवड्यातून चारदा. मी चर्चमध्ये सांगत फिरले की साठीनंतर डोकं उघडतं. बायका माझ्याकडे शिकायला आल्या, मी दोघींना शिकवलंसुद्धा.

तीन आठवड्यांपूर्वी दादा चोलोला दफनाला गेला आणि कोट घरी राहिला. मला डॉक्टरसाहेबांसाठी निरोपाची भेटवस्तू घ्यायची होती, त्यांच्या नावाचं स्पेलिंग पुस्तिकेत बघावं म्हणून खिशात हात घातला. तिथे लिहिलं होतं, फुगवटा पाच मिलिमीटर. पाहुणे शस्त्रवैद्य जूनमध्ये येणार, शस्त्रक्रिया सुचवली. भावाने नकार दिला. रुग्णाला सांगू नये. खाली सही, तारीख.

समोर येईल तो कागद मी बावीस वर्षं आवाज कापू न देता वाचला. हा वाचता वाचता मी जमिनीवर बसले.

दादा परत आला. माझ्या हातात पुस्तिका बघून म्हणाला, "ही तुला कुणी दिली?"

"तुझ्या कोटाने."

"एली, तुला सांगितलं असतं तर तू भीतीनेच मेली असतीस."

"आता कळलं ना? मग मेले का?"

"हळू बोल, रागावू नकोस, तुझं ब्लडप्रेशर..."

बघितलंत? मला रागावायचीसुद्धा सोय ठेवली नाही! ते राहू दे, दादा. मी एवढंच विचारलं, बाओत मुद्दाम हरत होतास? आणि या माणसाने मान खाली घातली. खरं सांगते, फुगवट्याने रडू आलं नव्हतं, तेव्हा आलं.

मी डॉक्टरांकडेही गेले. ते भले गृहस्थ आहेत, खोटं बोलले नाहीत. म्हणाले, "अमाई, मी उत्तरेकडचा. मला इथे आल्याआल्या सांगितलं होतं, बाईचं काही असेल तर आधी तिच्या भावाला विचारायचं. मी तुमची रीत पाळली." डॉक्टरसाहेब, तुम्ही शंभर लोकांचे प्राण वाचवलेत, उद्या लुसाकाला जाल, तिथेही वाचवाल. पण आमची रीत तुम्हाला कुणी अर्धीच सांगितली. अंखोस्वे आमच्या शेजारी उभा राहतो. आम्हाला बाहेर बसवून आमच्या खुर्चीत बसत नाही. तुम्ही दोघांनी मिळून मला फसवलंत. मला या शब्दाला दुसरा सौम्य शब्द सापडला नाही, आणि माझ्याकडे शब्द पुष्कळ आहेत.

त्या दिवशी मी नवा फोटो काढायला लावला, पडदा माझ्याकडे वळवायला लावला. पाचाचे सात मिलिमीटर झाले आहेत. गेल्या वर्षी जूनमध्ये आलेले शस्त्रवैद्य गेले ते गेले. ते पुन्हा ऑगस्टमध्ये येणार आहेत. माझी शस्त्रक्रिया सोळा तारखेला आहे. धोका काय, ते मी चारदा विचारलं आणि चारदा ऐकलं. संमतिपत्रावर सही मी केली आहे.

दादा, उभा का राहिलास? हो, हे तुला इथेच कळतं आहे, चारशे माणसांबरोबर. कसं वाटतं? बस. नाहीतर बाहेर बाकावर बस निवांत, आज चहाबरोबर मंदासी आहेत.

नको, जाऊ नकोस. तिथेच बस. सोळा तारखेला मला तू शेजारी हवा आहेस. आणि आज संध्याकाळी पट मांड. माझ्या सगळ्या बिया लूट. एक जरी मुद्दाम सोडलीस तर मी ओळखेन, आणि मग तुझा माझा खेळ कायमचा बंद.

अध्यक्ष मॅडम, दिलेल्या वेळेपेक्षा जास्त बोलले. मला इथे बोलावलंत त्याबद्दल आपली, सिस्टर ट्रायनेसची आणि शांतपणे ऐकणाऱ्या आपणा सर्वांची मी ऋणी आहे. डॉक्टरसाहेब, प्रवास सुखाचा होवो. बोलण्याच्या भरात काही उणंअधिक गेलं असेल, कुणाचं मन दुखावलं असेल, तर मला जरूर सांगा.

मलाच सांगा. माझ्या भावाला नको.