अध्यक्षांची कुत्री वळतात तिथं

—नाही हो, अडकलोबिडकलो नाही आपण. तुम्ही स्लेजमध्ये बसून राहा, ते रेनडिअरचं कातडं घ्या गुडघ्यांवर, हां, असं. कुत्री दम खातायत, दुसरं काही नाही. इथं आम्ही नेहमीच — म्हणजे इथंच असं नाही, इथं कशाला, कुठंतरी मध्ये, साधारणपणे — दम खाऊ देतो. काय म्हणालात? वाट सोडली? सोडली असं नाही म्हणता येणार, ओड्वारसाहेब. बरं, साहेब नको, नुसतं ओड्वार. तुम्ही पालिकेचे लोक फार साधे झालात हल्ली, त्यामुळेच तुमच्याशी बोलायला अवघड जातं. तर सोडली नाही, वळलो. आणि मी हुकूम दिला नाही असं नाही, डावीकडे, डावीकडे म्हणून घसा फोडला, तुम्ही साक्षीला आहात. ती बघा, सगळ्यात पुढची, तुस्सा, आमची पुढारीण — आजवर तिनं माझा शब्द कधी मोडला नाही. आज मोडला. ससा दिसला असणार. ससा दिसला की भलेभले पुढारी वाट सोडतात, तुमच्या पालिकेतसुद्धा.

मला कळतंय हो, आजची फेरी त्याचसाठी होती. कुत्री माणसाच्या ताब्यात राहतात की नाही हे तुम्ही डोळ्यांनी बघायचं आणि मग ठरवायचं — नदीकाठची वाट आमच्या स्लेज क्लबला सरावाला द्यायची की स्कीवाल्यांना एकट्यांना. सगळा क्लब तिकडं शेकोटी पेटवून उभा आहे, तुमच्यासाठी सॉसेज भाजतायत. भाजू दे. सॉसेज काही पळून जात नाहीत. सभेत मीच म्हटलं होतं ना, क्लबचा अध्यक्ष म्हणून, उभा राहून — आमची कुत्री आम्ही सांगू तिथंच जातात, आणि सांगू तिथंच थांबतात. टाळ्या पडल्या होत्या त्या वाक्याला. आता थांबलीयत की नाही? थांबलीयत. अर्धं तर खरं ठरलं.

हे घर? असेल कुणाचंतरी. लाल आहे, पण इथं सगळीच घरं लाल. तुमची नजर फार चांगली आहे, एवढ्या अंधारात पत्रपेटीवरचं नाव वाचलंत. हो, बोर्गहिल्ड. हो, तीच, स्की मंडळाची अध्यक्ष. आमच्या कुत्र्यांविरुद्धच्या तक्रारीवर पहिली सही तिचीच, मी नाकारतच नाही. कसला योगायोग बघा, एवढं मोठं खोरं पडलंय आणि ससा नेमका हिच्या अंगणात शिरला. तुस्सा पंजांवरचे कापडी मोजे काढतेय होय? दातांनी? खाजत असेल. बर्फाचे खडे जातात आत, मग — नाही, तसं कुत्रं आपले मोजे घरी पोचल्यावरच काढतं, हे खरंय, पण ती म्हातारी झालीय, तिला वाटलं असेल पोचलो. बाकीचीही आडवी झालीयत, ती तिचं बघून. आणि दाराकडं टक लावून बघतायत ते उगीच. दार दिसलं की बघायचं, सवय असते.

ती भांडी पक्ष्यांसाठी असणार. लाकडाच्या ढिगाशी पालथी घातलेली, ती. कावळे बरेच येतात इकडं, मोठे असतात. मोजलीत होय तुम्ही? आठ. आणि कुत्रीही आठ. कमाल आहे तुमची, त्या पालिकेत तुम्ही फुकट चाललायत.

आता तुम्हीच सांगा, ही बाई कशी आहे ते तुम्ही सभेत पाहिलंत. काय म्हणाली? म्हणाली, बर्फात मशिनीनं एवढ्या सुबक दोन खोबण्या पाडायच्या, सणासुदीला पोरंबाळं स्कीवर निघायची, आणि त्या खोबणीत कुत्र्याची घाण. घाण हा शब्द तिनं असा उच्चारला की पहिल्या रांगेतल्यांनी बूट तपासले. मग मी उठलो. म्हटलं, या गावात स्की यायच्या आधी कुत्री होती, टपाल कुत्र्यांनी आणलं, डॉक्टर कुत्र्यांनी आणला, खोबणी देवानं पाडलेली नाही. हॉल गरजला नुसता. ती दुसऱ्या दिवशी म्हणालीसुद्धा, देवाचं वाक्य छान बसलं होतं, पण पुढं तू फार लांबवलंस, आयलिफ — म्हणजे असं ती कुणाला तरी म्हणाली. ते माझ्या कानावर आलं. गाव लहान आहे.

पलीकडच्या काठाचं म्हणताय? जुनी टपालवाट. ती त्यांच्याच मंडळानं सुचवली होती, दोन हिवाळ्यांपूर्वी — नदीच्या अलीकडं स्की, पलीकडं कुत्री. प्रस्ताव तिलाच वाचायला लागला. वाचताना आवाज बसला होता तिचा, सर्दी असेल. मी तिथल्या तिथं फेटाळला. का म्हणजे? कारणं होती. चढ आहे. वारा आहे. ऊन डोळ्यांवर येतं. हो, डिसेंबरात सूर्य उगवत नाही हे मलाही माहितीय, मी इथंच जन्मलोय, पण एप्रिलमध्ये येतंच ना ऊन? मुख्य म्हणजे तत्त्व. वाट आपली असताना दुसऱ्याची का घ्यावी? तत्त्व म्हटल्यावर क्लबमध्ये कुणी हात वर केला नाही. एक हेगे सोडून. आमची तरुण पोर, माशांच्या कारखान्यात पाळीवर काम करते, मग कुत्री गाडीत घालून पार शेजारच्या खोऱ्यात नेते सरावाला, इथं भांडण चालू आहे तोवर इथं कसं पळवणार. एवढी कुत्री रोज हलवणं कुणाला झेपतं? या शरदात तिनं तीन विकली. मला म्हणाली, आयलिफ, पलीकडं वाईट काय आहे ते एकदा समजेल असं सांग. मी तत्त्व सांगितलं. ती मान हलवून गेली, आणि मला फार लाज वाटली, खरंच सांगतो, घरी जाऊन मी जेवलो नाही.

तसे बघू नका माझ्याकडं. आमची सुरुवात, त्या प्रस्तावाच्याही आधी, भांडणानंच झाली होती. यातल्याच बाम्से कुत्र्याच्या पंजाला कापलं होतं, बर्फावर रक्त, मी इथं कुंपणाशी थांबलो, आणि ही बाहेर आली तणतणत, खोबणी मोडली म्हणून. रक्त बघितलं आणि आत गेली. आली ती कोमट पाणी घेऊन. पंजा धुतला, बांधला, सगळा वेळ मला शिव्या देत. मग म्हणाली, वॉफल केलेत, तपकिरी चीजही आहे, आता आलाच आहेस तर. पुढच्या फेरीला तुस्सा आपणहून वळली. मी नाही वळवली. शपथेवर सांगतो, पहिल्यांदा मी नाही वळवली. नंतर कुत्र्यांना इथं मासा मिळायला लागला, आणि मग कोण कुणाला वळवतं याचा मी विचार सोडून दिला.

गाडीनं यायला काय होतं? ओड्वार, तुम्ही शहरातले. इथं दाराशी गाडी उभी राहिली की कॉफी गार व्हायच्या आत दुकानात चर्चा. आणि माझी गाडी, हिच्या दाराशी? क्लब मला त्याच संध्याकाळी काढेल आणि स्की मंडळ हिला. कुत्री वळली तर कुत्र्यांना कोण विचारतो? स्वतःहून यायचं तर माणसाला काहीतरी म्हणावं लागतं. माझं वय बघा. तिचं बघा. ती विधवा, मी एकटा, आणि आम्ही दोघंही सभेतच काय ते बोलणारे. बिनसभेचं आम्हाला जमत नाही.

काय? ठरलंसुद्धा? म्हणजे टपालवाट क्लबला कायमची, नदीवरच्या पुलासकट. आणि हा काठ स्कीवाल्यांना, कुत्र्यांना बंद. सोमवारपासून. चांगलं आहे. नाही, खरंच चांगलं आहे, हेगेची सोय झाली, सगळ्यांचीच झाली. माझ्या कारकिर्दीत वाट मिळाली म्हणतील, फोटो लावतील भिंतीवर. शेकोटीपाशी भाषण करावं लागेल आता. मी काय असं करू नका म्हणणार आहे का तुम्हाला? कुठल्या तोंडानं?

दार उघडलं. तुम्ही उठू नका. — नमस्कार, अध्यक्षबाई. हे ओड्वार, पालिकेकडून, तुस्सा जरा वाट चुकली आणि — अगं, कळलंय त्यांना. भांडी मोजली त्यांनी. ठेव ती बादली खाली, हात गारठतील. ऐक, निकाल लागला. पलीकडची वाट आमची, ही तुमची. तुमच्या खोबण्या सुटल्या. दोघंही जिंकलो म्हण.

ओड्वार विचारतायत, कुणाचा आक्षेप आहे का. असेल तर आत्ता सांगायचा. माझा नाही. हेगेकडं बघून तरी माझा नको. तुझा असला तर तू बोल. … बोर्गहिल्ड? … अगं, सभेत तुझ्या हातातून माईक सोडवून घ्यावा लागतो.

भांडी सुलटी करायला लागली ती.

आक्षेप नाही म्हणून नोंदवा, ओड्वार. आणि निघा आता तुम्ही. हो, पायी. स्लेज नाही हलायची, कुत्र्यांचं खाणं व्हायचंय. नदीच्या कडेकडेनं गेलात की शेकोटी दिसेल, काय सांगायचं ते सांगा त्यांना. नाही, कॉफीला तुम्हाला बोलवत नाही, राग मानू नका. आज आम्ही जरा सावकाश पिणार आहोत. या.